पाचोळा आळ्यातच राहू द्या

चैत्र-वैशाख हे पंचांगाच्या हिशेबाने वसंताचे महिने. मोगऱ्याचा मुख्य बहर याच दिवसांतला. सोनचाफा फुलतो, देवचाफा पुरती पालवी फुटायच्या आधीच फुलांनी भरतो, बोगनवेलीला पाणी कमी पडतं तसा तिचा रंग चढतो, आणि मधुमालतीचे घोस संध्याकाळी पांढरे उमलून दोन-तीन दिवसांत गुलाबी, मग लाल होत जातात. जमिनीखाली झोपलेला मे फ्लॉवरचा कांदा जाड दांड्यावर लाल फुलांचा गोल घेऊन वर येतो, तोही वैशाखातच. आणि नेमक्या याच काळात दारची कायमची फुलझाडं, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी उभी असलेली जास्वंद, अनंत, तगर, जाई-जुई, दुपारी माना टाकू लागतात. काही पुन्हा उभी राहत नाहीत. त्याचं खापर आपण उन्हावर आणि पाणीटंचाईवर फोडतो. त्यात तथ्य आहेच. पण ऊन आपल्या हातात नाही आणि पाणीही थोडंच हातात आहे. जे पूर्णपणे हातात आहे ते मात्र आपण रोज सकाळी झाडून गोळा करतो आणि कोपऱ्यात नेऊन पेटवतो किंवा घंटागाडीत टाकतो. बागेत पडलेला पाचोळा बागेबाहेर जाऊ न देणं हे या दिवसांतलं बागेचं पहिलं काम आहे. पाणी, खत आणि छाटणी यांचा विचार त्यानंतर करायचा, असं माझं ठाम मत आहे.

या मताला पहिला आधार झाडांच्याच वेळापत्रकाचा आहे. थंड देशांत पानगळ हिवाळ्याच्या तोंडावर होते. आपल्याकडची पानझडी झाडं मात्र पानं टाकतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. साग आधीच उघडा पडलेला असतो, मग पिंपळ, कडुलिंब, रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष अशी एकेकाची पाळी माघ-फाल्गुनात येत जाते. पाणी कमी पडू लागलं की पानांवाटे होणारं बाष्पीभवन थांबवायचं, हा त्यामागचा झाडाचा मुख्य हेतू. पण त्याचा दुसरा परिणामही तेवढाच मोलाचा आहे. कडक ऊन सुरू होण्याच्या नेमकं आधी झाडाखालची जमीन त्याच्याच पानांनी झाकली जाते. सह्याद्रीच्या उतारावरचं असो की विदर्भातलं, कुठल्याही पानझडी जंगलात मे महिन्यात उघडी माती शोधावी लागते. तिथे कोणी पाणी घालत नाही, तरी झाडं पावसापर्यंत टिकतात. त्याची कारणं अनेक आहेत, खोल गेलेली मुळं हे त्यातलं मोठं कारण, पण जमिनीवरचं पांघरूण हेही त्यातलंच एक. घरच्या बागेतल्या झुडपांना तेवढी खोल मुळं नसतात. जास्वंदीची, अनंताची, मोगऱ्याची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बव्हंशी वरच्या वीतभर मातीत पसरलेली असतात. जंगलातल्या झाडाला एक वेळ पाचोळ्यावाचून निभावता येईल, दारच्या मोगऱ्याला ते फार जड जातं. आणि आपण पाचोळा उचलतो तो दारच्या मोगऱ्याखालूनच.

उघड्या मातीचं वैशाखात काय होतं ते नीट पाहायला हवं. हवेचं तापमान चाळिसाच्या आसपास असतं तेव्हा उन्हात पडलेल्या उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नाशीच्या वर जातो. अकोला, जळगाव, नागपूर, परभणीकडे हवाच पंचेचाळिशीला टेकते, तिथे तर बोलायलाच नको. वरच्या थरातली बारीक मुळं या उष्णतेत करपतात, गांडुळं खोल निघून जातात, आणि सकाळी घातलेलं पाणी मुळांनी शोषण्याआधीच मातीतून वर खेचलं जाऊन हवेत उडतं. दख्खनच्या काळ्या जमिनीत आणखी एक संकट असतं. ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेग पडताना तिच्या वाटेतली मुळं तुटतात, आणि मग त्याच भेगेतून गरम हवा आत शिरून खालची ओलही सुकवते. वरून घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली पळतं, आजूबाजूची माती कोरडीच राहते. म्हणजे बादलीभर पाणी घालूनही झाड तहानलेलं. पाचोळा घातलेल्या आळ्यात भर दुपारी हात घालून पाहावा. सर्वांत वरची पानं कुरकुरीत आणि तापलेली असतात. त्यांच्याखालची मऊ, काळपट, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली असतात. त्याखाली माती गार आणि भुसभुशीत लागते, बोट सहज रुततं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताने असणं, तो इतक्या साध्या उपायाने टिकतो. दोन-तीन इंचांचा थर असला तर जमिनीतल्या झाडाला रोज तांब्याभर पाणी शिंपडत बसण्याऐवजी तीन-चार दिवसांआड एकदाच, पण मुळांपर्यंत पोचेल असं भरपूर पाणी देता येतं. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच्या वर राहतात आणि उन्हाच्या तावडीत सापडतात. खोलवर ओल मिळाली की ती खाली उतरतात.

ही कुणा हौशी माणसाने काढलेली टूम नाही. ऊस उत्पादक पट्ट्यात कृषी विद्यापीठं आणि कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की तोडणीनंतर पाचट जाळू नका, सरीत दाबा. त्याने पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून अनेक शेतकऱ्यांना आणि घरगुती बागा करणाऱ्यांना पालापाचोळ्यापासून कसदार माती घरच्या घरी तयार करायला शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांच्या आधाराने भाज्या आणि फळं घेऊन दाखवली, तेव्हा गच्चीवर ट्रकभर माती चढवल्याशिवाय बाग होत नाही हा समज मोडला. या सर्वांच्या अनुभवाचा गाभा एकच आहे: वनस्पतीचा मेलेला भाग ही मातीची भूक आहे. शेतीत हे एवढं पटलेलं असताना घरच्या फुलबागेत अजून झाडूच का चालतो, याचं उत्तर बागकामात सापडत नाही. ते आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेत आहे. झाडलेलं, सडा घातलेलं अंगण ही आपल्या घराची शोभा आहे आणि ती तशीच राहावी असं मलाही वाटतं. पण अंगण वेगळं आणि आळं वेगळं. अंगणात माणसं वावरतात, आळ्यात मुळं. एकाचा नियम दुसऱ्याला लावण्यात घोटाळा आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो राखेचा. पाचोळा जाळून त्याची राख झाडांना घातली तर खतच मिळतं, आणि कोकणात, मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतातच की, असं म्हणतात. राबाची गोष्ट खरी आहे, पण तिचा हेतू निराळा आहे. भाताच्या रोपवाटिकेतलं तणाचं बी आणि कीड मारावी, रोपं जोमाने वर यावीत, म्हणून तेवढ्यापुरता तुकडा भाजला जातो, आणि तिथली जमीन बहुतेक आम्लधर्मी जांभ्याची असते. घाटावरच्या बागेला तो हिशेब लागू पडत नाही. काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच जास्त आणि पालाशही सहसा पुरेसं असतं. राख अल्कधर्मी. ती सारखी पडत राहिली की मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही, आणि मग जास्वंद, अनंत, सोनचाफा यांची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुण्या-सोलापूरकडच्या बागांमध्ये ही पिवळी पानं जागोजागी दिसतात. लोक त्यावर लोहाची फवारणी करतात आणि कोपऱ्यात पाचोळाही जाळत राहतात. शिवाय जाळण्यात पाचोळ्यातला कर्ब आणि नत्र हवेत जातो, उरते ती मूठभर खनिजं. आणि धूर शेजारच्या घरात शिरतो, तिथे दमेकरी असेल तर त्याचा तो दिवस वाया जातो.

दुसरा आक्षेप सापा-विंचवाचा, आणि तो उडवून लावण्याजोगा अजिबात नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला पाचोळ्यात हात घालायला सांगणाऱ्याने फुरसं म्हणजे काय हे आधी समजून घ्यावं. ते लहान असतं, वाळक्या पानांच्या रंगात मिसळून जातं आणि चटकन चावतं. कोकणातल्या लाल विंचवाने किती जीव घेतले, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे जगाला कळलं. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं. ज्या प्रदेशात हा धोका रोजचा आहे तिथे घरालगतची जमीन झाडून लख्ख ठेवण्याची रीत शहाणपणाची आहे आणि ती मोडू नये. माझा आग्रह संपूर्ण परसात पाचोळा पसरण्याचा नाहीच. घराच्या भिंतीपासून, पायवाटेपासून दोन-तीन हात मोकळे ठेवावेत. पाचोळा फक्त झाडाच्या आळ्यात, खोडापासून चार बोटं दूर, दोन-तीन इंच जाडीचा असावा. हाताने चाचपू नये, खुरप्याने किंवा काठीने हलवावा आणि पायात बूट असावेत. साप ज्या जागा खरोखर पसंत करतो त्या म्हणजे विटांचे ढीग, सरपणाची रास, उंदरांची बिळं आणि पाचोळ्याचे उंच ढिगारे. रोज झाडून कोपऱ्यात रचलेला, जाळायच्या दिवसाची वाट पाहणारा कंबरभर ढीग आळ्यातल्या पातळ थरापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा. डासांचं म्हणाल तर डेंगीचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करा, पाचोळ्याला दोष देऊ नका. वाळवीचा प्रश्न मात्र काही जमिनींत खरा आहे. तिथे थर आणखी पातळ ठेवून खोडाजवळची जागा पूर्ण उघडी ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग.

जाणकार बागप्रेमींचा एक आक्षेप असतो की वाळलेल्या पानांत कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे ती कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. हे पानं मातीत कालवली तर घडतं. वर पसरली तर कुजण्याची क्रिया मातीच्या स्पर्शाच्या पातळ पट्ट्यापुरती राहते आणि मुळांच्या वाट्याच्या नत्राला फारसा धक्का लागत नाही. एवढंच पाळायचं, की सागासारखी मोठी, थाळ्यासारखी पानं हाताने चुरून घालायची, कारण अखंड पानांवरून पाणी बाहेरच ओघळतं. ताज्या गवताचा जाड थर घालायचा नाही, तो तापतो आणि घट्ट बसून कुजतो. कुंड्यांचा विचार थोडा निराळा. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी चारही बाजूंनी तापते, त्यामुळे नुसतं वरून झाकून भागत नाही. कुंड्या एकमेकींना चिकटवून, मोठ्या बाहेर आणि लहान मध्ये, अशा ठेवल्या की आतल्या कुंड्यांना सावली मिळते. कुंडीत पाचोळा इंचभर पुरे, आणि माती लवकर सुकत असल्याने पाणी मात्र बहुधा रोजच द्यावं लागतं.

पाचोळा ठेवायचा म्हणजे बाकी काहीच करायचं नाही असं नव्हे. पण या दिवसांत झाडाच्या वरच्या भागाशी आपण जेवढी छेडछाड करतो तेवढीची खरोखर गरज नसते. रोपवाटिकेतून रासायनिक खताची पुडी आणून वैशाखात घालणं हा त्यातला सर्वांत महागडा प्रकार. खतांतले क्षार आधीच पाण्याला तहानलेल्या मातीत साठतात, मुळांना पाणी ओढणं आणखी अवघड होतं, आणि जे कोवळे धुमारे फुटतात ते दुपारच्या उन्हात करपतात. जास्वंदीची कडक छाटणीही आत्ता नको, कारण तिची पानं हीच तिच्या खोडाची सावली आहे. अपवाद मोगऱ्याचा. त्याला फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून एक बहर ओसरला की फुलं येऊन गेलेली टोकं दोन पेरांपर्यंत खुडावीत, नवी फूट आणि तिच्यासोबत कळ्या येतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, पानांमागे लाल कोळ्याने जाळं धरलं, तर आधी सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या पाठीवर मारावा आणि खोडावरून चढणाऱ्या मुंग्या अडवाव्यात, कारण मुंग्याच पिठ्या ढेकणाची राखण करतात. उष्ण, कोरडी, धुळीने भरलेली हवा लाल कोळ्याला मानवते. झाकलेल्या जमिनीवरून धूळ कमी उडते, हा पाचोळ्याचा आणखी एक फायदा.

सर्वांत गंभीर आक्षेप पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. ज्या राज्यात हे घडतं, जिथे गावागावांत वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे फुलझाडांना पाणी घालण्याचं समर्थन करायचं तरी कसं, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याच्यावर चिडण्याचं कारण नाही. प्यायला पाणी नसेल तर बागेला घालू नये, यात वाद नाही. पण म्हणूनच बाग कशी असावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हिरवळ आणि दर हंगामाला कुंड्यांतून आणून लावलेली परदेशी हंगामी फुलं सर्वांत जास्त पाणी मागतात आणि उन्हाळ्यात तरीही जळतात. कण्हेर, बोगनवेल, देवचाफा, तगर, घाणेरी यांच्यासारखी कायमची झाडं एकदा रुजली की थोडक्यात भागवतात. पाणी तुटपुंजं असलेल्या गावातल्या बागेत हिरवळ असू नये, असं मी स्पष्टपणे म्हणेन. जी झाडं उरतील त्यांना भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आणि न्हाणीचं कमी साबणाचं पाणी पुरतं. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, अळू आणि केळ पोसण्याची आपली जुनी पद्धत होतीच. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी मात्र मातीत क्षार साठवतं, ते टाळावं. या काटकसरीच्या हिशेबात पाचोळ्याचं स्थान सर्वांत वरचं आहे, कारण तो घातलेल्या प्रत्येक तांब्याचा उपयोग वाढवतो आणि स्वतः एक पैसा मागत नाही. पाणी वाचवायचं म्हणणाऱ्यांनी तर झाडू आधी थांबवायला हवा.

कायदा याच बाजूचा आहे. लातूरला रेल्वे गेली त्याच एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. बागेतला कचरा जाळायचा नाही, तो आपल्या आवारात वेगळा ठेवायचा, आणि उद्यानांतल्या पाचोळ्यावर शक्यतो उद्यानातच प्रक्रिया करायची, असं त्यांत नमूद होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या प्रसंगी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. तरी वसंतातल्या सकाळी शहरांच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर धूर निघतोच. पुण्यात ब्राऊन लीफसारख्या नागरिकांच्या उपक्रमाने ज्यांच्याकडे पानं जास्त झाली त्यांची आणि ज्यांना बागेसाठी हवी आहेत त्यांची गाठ घालून दिली, आणि हा कचरा नसून मागणी असलेला माल आहे हे दाखवलं. पण अशा उपक्रमांच्या भरवशावर महापालिकांनी हात झटकू नयेत. रस्त्यावरचा पाचोळा प्लॅस्टिक आणि काचा यांच्यात मिसळण्याआधी वेगळा उचलून, यंत्राने बारीक करून, प्रभागातल्या लोकांना पोत्याने देणं कुठल्याही पालिकेला परवडतं. कचरा डेपोपर्यंत तो वाहून नेण्याचा खर्च तरी वाचेल.

गृहनिर्माण संस्थांना तर पालिकेसाठीही थांबायचं कारण नाही. बहुतेक संस्थांमध्ये माळ्याची मजुरी आवार किती लख्ख दिसतं यावर ठरते. पाचोळा राहू दिला तर समितीच्या सभासदाची बोलणी त्याला खावी लागतात, म्हणून झाडांची जाण असलेला माळीही तो झाडून टाकतो. झाडाचं काय होईल हे त्याला कळत असतं, पण पगार झाडाकडून मिळत नाही. दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही, करारच तसा लिहिलेला असतो. आवार रोज झाडावं याऐवजी रस्ते, जिने आणि भिंतीलगतची जागा रोज झाडावी, गोळा झालेली पानं झाडांच्या आळ्यांत घालावीत आणि उरलेली आवारातल्या खड्ड्यात कुजवावीत, एवढा बदल पुरेसा आहे. माळ्याचं काम त्याने कमी होणार नाही, फक्त झाडूवरचे तास आळ्यांकडे वळतील, म्हणून मजुरी कापायचा विचार कोणी करू नये. पाऊस नीट सुरू झाला की तोच थर खोडापासून आणखी मागे ओढावा लागेल, नाहीतर गोगलगायी आणि बुरशी वाढते, आणि कोकणात तर तो निम्म्याहून अधिक काढूनच टाकावा लागेल. तेही करारात लिहून ठेवावं. रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतं. तोवर उन्हाचे जेवढे दिवस उरले असतील, तेवढे दिवस तरी या वर्षीच्या पानांचा उपयोग या वर्षीच्या झाडांना होऊ शकतो.